४५ मिमी रुळावरची खरी वाफ : नाशकात मोठ्या स्केलची इंजिने

रूळमित्र (धागाकर्ता)

आगगाडीचे मॉडेल म्हटले की आपल्याकडे पुण्याच्या कोथरूडमधले जोशींचे मिनिएचर रेल्वे संग्रहालय आठवते. १९९८ पासून ते चालू आहे, आणि ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी मुलाबाळांना घेऊन जरूर जावे. पण तिथल्या गाड्या लहान स्केलच्या आणि विजेवर धावणाऱ्या. मला बोलायचे आहे ते ज्यांच्या पोटात खरोखर पाणी उकळते त्या इंजिनांबद्दल. वाफ सिलिंडरात जाते, दट्ट्या ढकलते, चाके फिरतात. मोटर नाही, बॅटरी नाही. मी नाशकातच राहतो, बरीच वर्षे या छंदात आहे, आणि इथे असे आणखी कोण आहेत हे समजावे म्हणून हा धागा.

आधी मापांचा गुंता, कारण नव्या माणसाचे पैसे तिथेच वाया जातात.

घरच्या अंगणात मावणारी वाफेची इंजिने साधारण दोन रुळांवर धावतात, ३२ मिमी आणि ४५ मिमी. त्यावर साडेतीन इंची, पाच इंची आणि सव्वासात इंची. या तिन्हींवर माणसे बसून जातात. पाच इंचीवरचे मोठे इंजिन उचलायला दोघे-तिघे लागतात आणि सव्वासात इंचीला जमीनच हवी, म्हणून शहरात राहणाऱ्याचा हिशेब बहुधा ४५ पाशी येऊन थांबतो.

४५ मिमीला गेज वन म्हणतात. इंग्लंड-युरोपातली मुख्य लाइन १४३५ मिमीची, तिला ३२ ने भागले की जवळपास ४५ येते. त्यामुळे बाजारातले १:३२ चे इंजिन त्यांच्या रुळाच्या हिशेबाने बरोबर असते. आपली ब्रॉडगेज १६७६ मिमी. तिचे १:३२ मॉडेल करायचे तर रूळ ५२ मिमीचा लागेल, आणि त्या मापाचे रूळ-चाके तयार मिळत नाहीत. ४५ वरच बसवायचे म्हटले तर स्केल १:३७ होते, म्हणजे डबे, सिग्नल, माणसे सगळे आपणच करायचे. कित्येक जण मग १:३२ चे इंजिन अरुंद रुळावर ठेवून मोकळे होतात. समोरून पाहिले की लगेच कळते. ब्रॉडगेजवरच्या डब्ल्यूपी इंजिनाचा तो रुंद, रुबाबदार चेहरा खाली निमुळता होऊन बसतो.

आता मीटरगेज घ्या. १००० ला २२.५ ने भागा, ४४.४ येतात. बागेतल्या गाड्यांचे १:२२.५ हे स्केल युरोपातल्या मीटरगेजवरूनच ठरलेले आहे. तेव्हा आपली मीटरगेजची वाफेची इंजिने, प्रवासी गाड्यांची वायपी आणि मालगाड्यांची वायजी, ४५ मिमीवर जवळजवळ अचूक बसतात! आणि मीटरगेज आपल्यापासून दूर कुठे होती? मनमाडला. निजामाच्या रेल्वेने १९०० साली आणलेली ती लाइन औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत हैदराबादेकडे जायची. १९९० च्या दशकात तिचे रुंदीकरण होईपर्यंत मनमाड स्टेशनात दोन मापांचे रूळ होते.

वायपी म्हणजे पुढे चार लहान चाके, मध्ये सहा मोठी, मागे दोन. मोठ्या चाकाचा व्यास १३७२ मिमी, मॉडेलमध्ये ६१ मिमी. टेंडरसकट लांबी पाऊण मीटरच्या वर जाते. वॉलशार्ट व्हॉल्व्ह गिअर (सिलिंडरात वाफ कधी सोडायची ते ठरवणारी दांड्यांची यंत्रणा) बाहेरून दिसतो, त्यामुळे चालताना दांड्यांची सगळी हालचाल डोळ्यांसमोर असते. ८७० च्या आसपास वायपी बनल्या, त्यातल्या पुष्कळशा जमशेदपूरला टेल्कोमध्ये.

माझे ठाम मत असे. नाशिकच्या माणसाने परदेशी किटासाठी दोन-तीन वर्षे पैसे साठवत बसण्यापेक्षा इथेच वायपी घडवायला घ्यावी. सातपूर-अंबडला लेथ आणि मिलिंगचे कसबी हात आहेत. भांडी बाजारात पिढ्यान्‌पिढ्या तांबे घडवणारे आहेत. सराफ बाजारात चांदीने झाळणारे आहेत. एकलहऱ्याला रेल्वेचा ट्रॅक्शन मशीन वर्कशॉप आहे, त्यामुळे निवृत्त रेल्वे कारागिरांची वस्ती नाशिकरोडला आहे. इतकी सगळी माणसे एका शहरात असताना आपण फक्त विकत घेणारे का राहायचे?

ज्यांच्याकडे इंजिन आहे, रूळ आहे, लेथ आहे किंवा नुसती आवड आहे, सगळ्यांनी लिहा.

---

गोदाकाठची

धागा वाचून अंगावर काटा आला. माझे वडील मनमाड शेडला फायरमन होते, मीटरगेजवर. अजिंठा एक्स्प्रेसवरही जायचे. घरी आले की आई आधी बादलीभर गरम पाणी काढायची, मग बोलणे. बेलच्याने कोळसा कसा पसरायचा हे ते आम्हाला चुलीपुढे बसून दाखवायचे. भट्टीच्या कडांना जास्त, मध्ये पातळ, आणि एका वेळी थोडाच.

प्रश्न असा की या लहान इंजिनात खरा कोळसा जळतो का? की स्पिरिटचा दिवा?

---

रूळमित्र

ताई, तुमच्या वडिलांनी सांगितलेले सगळे इथे लिहा, फार मोलाचे आहे.

>>खरा कोळसा जळतो का?>>
जळतो. तीन प्रकार आहेत. स्पिरिट, गॅस आणि कोळसा.

स्पिरिटच्या इंजिनात वातींची रांग असते. ज्योत वाऱ्याला नाजूक, उन्हात तर दिसतही नाही, म्हणून आजूबाजूला मुले असतील तर मी ते टाळतो.

गॅसचे सोपे, पण आपल्या हवामानात एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायची. या इंजिनांची टाकी ब्युटेनसाठी बनवलेली असते. ४० अंशांना ब्युटेनचा दाब ३ बारच्या आत राहतो, प्रोपेनचा १२ च्या वर जातो. घरगुती सिलिंडरमध्ये दोन्हींचे मिश्रण असते. त्यामुळे घरचा गॅस त्या टाकीत कधीही भरायचा नाही, कुणी कितीही सोपी युक्ती सांगितली तरी. आणि मे महिन्यात इंजिन उन्हात ठेवून जेवायला जायचे नाही.

कोळसा सगळ्यात अवघड आणि सगळ्यात सुंदर. आधी लोणारी कोळशाचे तुकडे रॉकेलमध्ये भिजवून पेटवायचे, धुराड्यावर बॅटरीचा छोटा पंखा बसवून ओढ द्यायची. थोडा दाब आला की इंजिनाचा स्वतःचा ब्लोअर (धुराड्यात वाफेचा झोत सोडून ओढ देणारी नळी) सुरू करायचा आणि मग वाटाण्याएवढा दगडी कोळसा घालायचा. आपल्याकडच्या बहुतेक दगडी कोळशात राख ३० टक्क्यांच्या वर असते, ती एवढ्याशा जाळीवर लगेच खंगर धरते. आसाम-मेघालयाच्या कोळशात राख कमी, पण गंधक जास्त. मी लोणारी आणि चाळून घेतलेला दगडी मिसळून वापरतो.

---

संग्राहक_नाशिकरोड

चांगला विषय. मी या छंदाच्या दुसऱ्या बाजूला आहे. माझ्याकडे गेज वनची काही जपानी इंजिने आहेत, अ‍ॅस्टरची, आणि इंग्लंडच्या राउंडहाउसचे दार्जिलिंगचे बी क्लास. बहुतेकांमध्ये कधीच पाणी भरलेले नाही. मूळ खोके, मूळ पत्रके, मूळ अवजारे सगळे जपून ठेवले आहे.

धागाकर्त्यांच्या एका वाक्याला माझा आक्षेप आहे, "फक्त विकत घेणारे". अ‍ॅस्टरने १९७० च्या दशकापासून जे केले ते कुठल्याही खासगी लेथवर होणारे नाही. व्हॉल्व्ह गिअरचा एकेक तुकडा इतका नेमका की किट जोडताना कानस हातात घ्यावी लागत नाही. असे काम मूळ स्थितीत राहिले पाहिजे. एकदा पेटवले की रंग भाजतो, स्मोकबॉक्सचे दार काळे पडते, आणि पुढच्या पिढीला नवे इंजिन कसे दिसत होते हे कधीच कळत नाही.

मागवण्याचे म्हणाल, तर २०२० मध्ये खेळण्यांवरचे मूळ सीमाशुल्क २० टक्क्यांवरून ६० वर गेले आणि २०२३ मध्ये ७० वर. मॉडेल इंजिने चालती असोत वा शोभेची, त्याच शीर्षकात मोडतात. पार्सल निघण्याआधी त्या दिवसाचा दर कस्टम एजंटकडून लेखी घ्यावा. एजंट "बघू" म्हणाला तर दुसरा एजंट शोधावा.

---

सातपूर_टर्नर

संग्राहक साहेब, तुमच्या संग्रहाबद्दल आदर आहे, पण लेथवाला म्हणून एक सांगतो. न चालवलेले इंजिन जसेच्या तसे राहते ही समजूत खरी नाही. आतल्या ओ-रिंग रबराच्या असतात, त्या कोरड्या पडून कडक होतात. बंद डब्यात पावसाळ्याचा दमटपणा राहिला की स्टीलच्या धुऱ्यांवर गंज धरतो. सिलिंडरातले जुने तेल गोंदासारखे चिकट होते. मग कुणी दहा वर्षांनी हौसेने चाके फिरवली की पहिल्याच फेऱ्यात दट्ट्यावर चरे पडतात.

चालवणार नसाल तरी वर्षातून एकदा चाके हाताने फिरवा, सिलिंडरमध्ये ताजे तेल जाऊ द्या, खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्याआधी बदला.

आता घडवण्याविषयी. मी पाच इंचीचे काम केलेले आहे, ४५ चेही. लोकांना वाटते बॉयलर अवघड. माझ्या मते सिलिंडर अवघड. सिलिंडर गनमेटलचा, दट्ट्यावर ग्राफाइटची दोरी किंवा ओ-रिंग. स्लाइड व्हॉल्व्हची घासणारी जागा सपाट पाहिजे म्हणजे पाहिजेच. काच घ्या, त्यावर बारीक एमरी पेपर, थेंबभर तेल, आणि आठच्या आकड्यात घासत राहा. काळे डाग दिसायचे बंद होईपर्यंत.

वायपीचा वॉलशार्ट गिअर मी पहिल्या इंजिनाला सुचवणार नाही. पहिले इंजिन दोन सिलिंडरचे, स्लिप एक्सेंट्रिकचे (त्याहून साध्या व्हॉल्व्ह-यंत्रणेचे), चार किंवा सहा चाकांचे करावे. दिशा बदलायला हाताने थोडे ढकलावे लागते, पण भाग निम्मे होतात. ते नीट पळाले की मग वायपी.

---

रूळमित्र

टर्नर दादा, वायपी दुसरे इंजिन असावे हे पटले. पण नुसत्या सरावाचे इंजिन करायला माणूस कंटाळतो, अर्धे करून टाकून देतो. सरावाच्या इंजिनाची चाके ६१ मिमीचीच ठेवली तर पुढे तोच पॅटर्न, तेच ओतकाम वायपीला लागेल. बिडाची चाके एकदम ओतून घेतली तर भट्टीवालाही बोलतो नीट, दोन-चार नगांना कुणी उभे करत नाही.

संग्राहक साहेब, "विकत घेणारे" हे तुम्हाला उद्देशून नव्हते. संग्रह नसता तर आम्ही बघून शिकलो असतो कुठून? पण वाफेच्या इंजिनाचा आवाज, तेलाचा वास, चढावर बदलणारी लय हीसुद्धा त्या जपानी कारागिरांनी घडवलेलीच गोष्ट आहे. ती खोक्यात जपता येत नाही.

---

नवशिका_सिडको

वाचतोय. एक भीती आहे ती विचारतो. बॉयलर फुटत नाही का? आणि घरी बॉयलर ठेवायला परवानगी लागते का? आमच्या सोसायटीत कुंडी ठेवली तरी नोटीस येते.

---

बॉयलर_अटेंडंट

सिन्नरच्या वसाहतीत बॉयलरवर नोकरी केली आहे, म्हणून दोन्ही प्रश्नांना उत्तर देतो.

कायदा : १९२३ च्या बॉयलर कायद्यातून, २००७ च्या दुरुस्तीनंतर, २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेची भांडी वगळलेली होती. २०२५ मध्ये नवा कायदा आला, त्यातही ती मर्यादा आहे. ४५ मिमीच्या बहुतेक इंजिनांत अर्धा लिटरही पाणी मावत नाही, पाच इंचीत काही लिटर. सव्वासात इंचीचे मोठे इंजिन करणाऱ्याने मात्र क्षमता मोजूनच आराखडा काढावा. सोसायटीचा प्रश्न कायद्याने सुटत नाही, तो चेअरमनला इंजिन चालवून दाखवल्याने सुटतो.

फुटण्याबद्दल : कायद्याने सूट दिली म्हणून वाफेने सूट दिलेली नाही. नियम लहान बॉयलरलाही तेच.

नवा बॉयलर पाण्याच्या दाबावर तपासायचा. चालवण्याचा दाब ४ बार असेल तर ८ बारपर्यंत न्यायचा आणि धरून ठेवायचा. बॉयलर पाण्याने काठोकाठ भरायचा, आत हवेचा बुडबुडा नको. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे सांधा सुटला तर नुसते ठिबकते, काटा खाली येतो आणि काम संपते. हवेने तपासायला गेलात तर तीच हवा स्फोट करते. कंप्रेसर हाताशी आहे म्हणून हवा मारून बघू, असे वर्कशॉपमध्ये हमखास कुणीतरी म्हणते. त्याला तिथून बाहेर काढा.

सेफ्टी व्हॉल्व्ह प्रत्येक वेळी पेटवल्यावर उघडतो का ते बघायचे. उघडला नाही तर आग काढायची. प्रेशर गेजला वळवलेली नळी द्यायची, म्हणजे काट्याच्या यंत्रापर्यंत वाफ न जाता थंड पाणी पोचते. पाणी दाखवणाऱ्या काचेतली पातळी लहान नळीत चिकटून बसते, खोटी दिसते, म्हणून काच अधूनमधून फुंकून घ्यायची. पातळी दिसत नसेल तर पाणी भरत बसू नका, आधी आग बंद. तापलेल्या कोरड्या तांब्यावर पाणी पडले की काय होते ते सांगायला नको.

---

तांबट_घराणे

भांडी बाजाराचे नाव निघाले म्हणून लिहितो. आमच्या घरी घंगाळे, बंब, हंडे घडवायचे काम आजोबांपर्यंत होते, वडिलांनी दुकान ठेवले, मी दोन्ही थोडेथोडे करतो.

रूळमित्रांनी मागे एका बॉयलरचे नकाशे दाखवले होते. दोन्ही टोकांच्या ताटल्यांचा काठ वळवायचा, आत जाळनळ्या बसवायच्या. काठ वळवणे आमच्या हातचेच आहे. तांबे लाल करायचे, पाण्यात बुडवायचे, मऊ झाले की लाकडी साच्यावर ठोकत न्यायचे. ठोकताना ते पुन्हा कडक होते, आवाज बदलतो, मग पुन्हा लाल. घाई केली की काठाला चीर जाते. नवा माणूस इथेच तांबे फुकट घालवतो.

पण सांध्याबाबत आमची पद्धत चालणार नाही, हे आमच्या लोकांनाही सांगावे लागते. भांड्याला डाख देतात तो कथलाचा. तो १८०-१९० अंशांना वितळतो आणि ४ बारची वाफच १५० च्या वर असते. ताकद तर आधीच गेलेली असते. बॉयलरला चांदीचाच झाळ हवा, ४५ टक्के किंवा जास्त चांदीचा, जो ६०० अंशांच्या वर जाऊन वाहतो.

आणि हे मोठ्या अक्षरात समजा : सराफाकडून झाळ आणताना त्यात कॅडमियम नाही ना, हे विचारा. दागिन्यांत केडीएम म्हणतात ते हेच. कॅडमियमचा धूर बंद खोलीत फुफ्फुसात गेला की माणूस मरू शकतो, आणि सुरुवातीला फक्त थंडी-तापासारखे वाटते. कॅडमियमविरहित सळई मागा, मिळत नसेल तर वेल्डिंग-सामानवाल्याकडून मागवा. काम अंगणात, वारा पाठीमागून.

दुसरे, बॉयलरला तोट्या-नट जिथे बसतात ते बुश पितळेचे नकोत. पितळेतले जस्त गरम पाण्यात निघून जाते, मागे भुसभुशीत तांबे राहते. वरून काही दिसत नाही. गनमेटल किंवा ब्राँझ वापरा.

---

गोदाकाठची

तांबट दादा, किती नेमके लिहिलेत. बंबाचे उदाहरण मनात आले आणि सगळे समजले!

---

बार्शीलाइट

मीटरगेजचे गुणगान चालू आहे, जरा नॅरोगेजचाही विचार करा मंडळी. मी मूळचा बार्शीचा, आता नाशिकला. बार्शी लाइट रेल्वे १८९७ ची, रूळ अडीच फुटी म्हणजे ७६२ मिमी, एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने आखलेली. तिच्यासाठी लीड्सच्या किट्सन कंपनीने बनवलेली आठ मोठ्या चाकांची टाकीवाली इंजिने मला आजही जगातली सगळ्यात देखणी वाटतात. हलका रूळ आणि तरी भरपूर ओढ, म्हणून वजन आठ चाकांवर वाटून दिलेले.

४५ मिमीवर ७६२ बसवायचे तर स्केल १:१७ होते. विचित्र आकडा आहे खरा. पण इंजिन आकाराने मोठे येते, हात आत जातो, बॉयलर पोटभर मिळतो. तेच इंजिन १:२२.५ ऐवजी १:१७ ला केले तर बॉयलरमध्ये दुप्पट पाणी मावते, त्यामुळे एका भरणीत जास्त वेळ पळते.

माथेरानचे दोन फुटी म्हणजे ६१० मिमी. ते ३२ मिमीवर १:१९ ला अगदी नेमके बसते, आणि त्या स्केलचे डबे-चाके इंग्लंडमध्ये हवे तेवढे मिळतात. १९०७ ची माथेरानची ओरेनस्टाइन अँड कोपेल इंजिने वळणात धुरा सरकवणारी होती. तो क्लीन-लिंडनर धुरा कुणी मॉडेलमध्ये चालवून दाखवला तर मी स्वतः हार घेऊन येईन.

---

सातपूर_टर्नर

बार्शीलाइट, दुप्पट पाण्याचा मुद्दा बरोबर आहे आणि तो स्केलचाच खेळ आहे. लांबी निम्मी केली की पृष्ठभाग चौथाई होतो, आणि आतले पाणी आठवा हिस्सा. उष्णता जाते पृष्ठभागातून. म्हणून इंजिन जितके लहान तितकी वाफ लवकर गार पडते, सिलिंडरात पाणी होऊन बसते. १:३२ चे इंजिन सुरू करताना धुराड्यातून पाणी थुंकते ते त्यामुळे. बॉयलरवर पातळ सिरॅमिक कापड आणि त्यावर पत्रा चढवा, वाफेची नळी एकदा आगीतून फिरवून आणा, फरक लगेच दिसतो.

तेल मात्र स्टीम सिलिंडरचेच घालायचे, ४६० ग्रेडचे. मोटारसायकलचे तेल वाफेत फेसाळते आणि धुऊन जाते.

---

थळघाट

इगतपुरीला राहतो. कसारा-इगतपुरी घाट १८६५ साली सुरू झाला, चढ ३७ ला १. आमच्याकडे अजूनही गाडीला मागून इंजिन लागते. घाटात वीज १९३० च्या सुमारास आली, त्याआधी हे सगळे वाफेवर व्हायचे.

माझी इच्छा आहे की बागेत ३७ ला १ चा खराखुरा चढ करावा आणि मागून दुसरे इंजिन लावून गाडी न्यावी. म्हणजे ५ मीटरमध्ये साडेतेरा सेंटिमीटर उंची. जमेल का? जाणकारांनी सांगावे.

---

रूळमित्र

थळघाट, ओढ निघेल. ५ किलोचे इंजिन आणि १० किलोची गाडी धरली तर त्या चढावर फक्त वजनामुळे मागे खेचणारी ओढ सुमारे ४०० ग्रॅम होते. मोठ्या चाकांवर साडेतीन किलो वजन असेल तर चाके घसरायच्या आधी साधारण ७०० ग्रॅम ओढ मिळते. तेल रुळावर सांडले की हा हिशेब संपला, म्हणून चढावरचा रूळ आधी स्पिरिटने पुसायचा.

खरी अडचण उतारावर येते. या लहान इंजिनांना ब्रेक नसतो, रेग्युलेटर (वाफ सोडणारी तोटी) बंद केला तरी गाडीचे वजन ढकलते आणि वळणावर इंजिन आडवे होते. चढाच्या माथ्यापुढे लगेच वळण नको, पायथ्याशी तर नकोच. रेडिओ कंट्रोल बसवून घ्या, रेग्युलेटर आणि रिव्हर्सर (दिशा बदलणारा दांडा) दोन्हींना.

मागून लावलेले दुसरे इंजिन मात्र माझ्या मते एकाच माणसाने सांभाळायचे काम नाही. दोन माणसे, दोन रिमोट, आणि मागच्याने पुढच्याचा आवाज ऐकत वाफ द्यायची. तुमच्या घाटातले जुने ड्रायव्हर शिट्ट्यांवर हेच करायचे.

रुळाबद्दल सगळ्यांसाठी : नाशिकला डिसेंबरच्या पहाटे १० अंशांच्या खाली आणि उन्हाळ्यात दुपारी ४० पर्यंत पारा जातो, उन्हातला रूळ त्याहून कितीतरी तापतो. १० मीटर सलग अ‍ॅल्युमिनियमचा रूळ ४० अंशांच्या फरकाने सुमारे ९ मिमी वाढतो, पितळेचा साडेसात. सांध्यात फट ठेवा आणि स्लीपर सिमेंटमध्ये गाडू नका, खडीवर तरंगते ठेवा. वायपीएवढ्या इंजिनाला त्रिज्या ३ मीटर तरी हवी, म्हणजे गोल पुरा करायला ७ मीटर मोकळी जागा. मखमलाबादकडे ज्यांच्या द्राक्षबागा आहेत त्यांनी पॅकिंग शेडशेजारच्या जागेचा विचार करावा. फक्त मार्च ते मे वाळलेल्या गवताजवळ कोळशाचे इंजिन नको. धुराड्यावर जाळी लावली तरी ठिणगी जाते.

---

गोदाकाठची

अवांतर : आजी सांगायची, नाशिकच्या मेन रोडपासून नाशिकरोड स्टेशनपर्यंत घोड्यांची ट्राम होती. १९३० च्या दशकात बंद पडली. गावात रूळ होते हे आता कुणाला खरे वाटत नाही. वाफेचे नसले तरी कुणीतरी तिचाही डबा करावा.

आणि वडिलांकडून ऐकलेले एक : चढाच्या आधी कोळसा घालायचा, चढावर नाही. चढावर दार उघडले की थंड हवा आत जाते आणि काटा पडतो. लहान इंजिनालाही हे लागू होत असेल ना?

---

सातपूर_टर्नर

ताई, शंभर टक्के लागू. लहान इंजिनात तर दार चमचाभर कोळसा घालण्यापुरते उघडले तरी काटा हलतो.

---

संग्राहक_नाशिकरोड

टर्नर यांनी लिहिल्यावर मी सगळी खोकी उघडून चाके फिरवून पाहिली. दोन इंजिने जड फिरतात. ती तुम्हाला दाखवायची आहेत, तुमच्या हातून उघडली जावीत.

माझा आग्रह कायम आहे, न पेटवलेली अ‍ॅस्टर मी पेटवणार नाही. पण दार्जिलिंगचे बी क्लास आधीच्या मालकाने चालवलेले होते, त्याचा रंग तसाही भाजलेला आहे. ते रुळावर आणायला माझी तयारी आहे. ते गॅसवरचे आहे, ३२ आणि ४५ दोन्हींवर चाके बसतात. आधी बॉयलरची पाण्याची चाचणी व्हावी. अटेंडंट साहेबांकडे हातपंप आणि खात्रीचा गेज आहे का? पाणी कुठले वापरायचे तेही सांगा. आमच्याकडे बोअरचे आहे.

---

बॉयलर_अटेंडंट

हातपंप आहे, गेज आहे, दोन्ही घेऊन येतो. जुन्या बॉयलरला दुप्पट दाब देऊ नये, चालवण्याच्या दाबाच्या दीडपट पुरे.

बोअरचे पाणी नको. आपला सगळा काळा पाषाण, बोअरचे पाणी जड, दोन-चार वेळातच आत खडूसारखा थर बसतो आणि तो पाणी भरायच्या बारीक तोट्या बुजवतो. पावसाचे गच्चीवरचे पाणी पहिल्या दोन-तीन सरी सोडून, फडक्यातून गाळून कॅनमध्ये भरून ठेवा, वर्षभर पुरते. ते नसेल तर एसीच्या नळीतून पडणारे पाणी गाळून चालेल. बॅटरीचे डिस्टिल्ड पाणी वापरणार असाल तर त्यात थोडे नळाचे मिसळा. चालवून झाले की बॉयलर कोमट असतानाच रिकामा करायचा.

येताना टर्नर दादांना सोबत आणतो, ती दोन जड फिरणारी इंजिनेही त्याच दिवशी बघू. रूळमित्र, तुमच्याकडचा ४५ चा सुटा रूळ टेम्पोत बसेल का ते बघा. वेळ आणि पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.